वरणाचा उतार

"हजीऱ्याच्या कारखान्यात बावीस वर्षं मी केसाएवढा फरक पकडतो. आपल्या स्वयंपाकघराची जमीन ती काय!" योगेंद्ररावांनी मिशीवरून बोट फिरवलं, आणि शैलजाताईंनी देव्हाऱ्याकडे बघून हळूच हात जोडले. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. कोणत्या वाक्यानंतर हात जोडायचे, हे त्यांना आता कळत होतं.

जमीन मात्र खरंच गेली होती. पांडेसऱ्यातलं तळमजल्याचं घर, खालून उंदरांनी पोखरलेलं. वाल्मिक मिस्त्री हातोडी ठोकी, तिथे रिकाम्या डब्यासारखा आवाज येई.

"भाऊ, हाई कोबा नही, हाई तं पापड शे! सगळा उखडा. नव्या टाइल्स यावर टिकायच्या नाहीत."

"उखड!"

"अहो, पण माझा नेम..." शैलजाताई म्हणाल्या.

नेम चातुर्मासाचा. देव्हाऱ्यासमोर कोब्यात बसवलेल्या एकाच फरशीवर, ताटाशिवाय, थेट दगडावर वाढून घ्यायचं आणि मौनाने जेवायचं. संकल्प त्या जागेचा, म्हणून कार्तिकी एकादशीपर्यंत ती फरशी हलता कामा नये. थांबावं म्हटलं, तर दसऱ्यानंतर वाल्मिक कापूस वेचायला गावी पळणार!

"त्यात काय! तेवढी एक राहू दे. बाकी सगळं तिच्या लेव्हलने करू. एकादशी झाली की तिच्या जागी नवी."

दोन दिवसांत सगळा कोबा निघाला. उरली एकटी ती फरशी, समुद्रातल्या द्वारकेसारखी! वाल्मिकने तिच्यावर हातोडीसुद्धा वाजवून पाहिली नाही. "देवाचं काम शे. तिले कोन ठोकी?"

तिसऱ्या दिवशी माती धुमसून, पाणी मारून झालं. शैलजाताई फळीवरून तोल सांभाळत आल्या, पाटावर बसल्या, चित्राहुती घातली. मौन सुरू! वरण नेहमीप्रमाणे देव्हाऱ्याच्या दिशेने निघालं आणि त्यांनी नेहमीप्रमाणे भाताचा बांध घातला. दोन महिने हा पाटबंधारे विभाग रोज चालू होता.

तेवढ्यात योगेंद्रराव पाणसळ घेऊन हजर!

"तू सोवळ्यात आहेस, मी अन्नाला शिवत नाही," म्हणत त्यांनी ती फरशीच्या मोकळ्या कडेवर, देव्हाऱ्याला समांतर, आडवी ठेवली. "बघ वाल्मिक, बुडबुडा मधोमध! धर हीच लेव्हल."

शैलजाताईंनी डावा हात जोरात हलवला. मग बोटाने वरण दाखवलं, बांध दाखवला, देव्हारा दाखवला.

"वहिनी काय म्हनतस?"

"वरण कमी पडलंय!" असं म्हणून योगेंद्ररावांनी लांबूनच डावभर वरण ओतलं.

बांध फुटला! शैलजाताई एका हाताने भात लोटू लागल्या. देवाच्या पायांशी पूर येतोय, आणि बोटं कुणाला दाखवणार? इकडे दोरी ताणली गेली, लेव्हलच्या खुणेचे सिमेंटचे गोळे बसले.

हात धुतल्या धुतल्या त्या म्हणाल्या, "अहो, फरशीला उतार आहे. खाली उंदरांनी पोखरलंय."

"मी पाणसळ लावलीय!"

"एकदा देव्हाऱ्याच्या दिशेने लावून बघा ना."

"शैला, पाणसळीपेक्षा तुझं वरण शहाणं का?"

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांचं 'बरं' फार मऊ असतं. टोचतं ते नंतर.

पंधरा दिवसांनी टाइल्स आरशासारख्या चमकत होत्या. योगेंद्ररावांनी वाल्मिकला खास जेवायला बोलावलं. "आज आपणही जमिनीवरच बसू!"

पंगत बसली. शैलजाताई आपल्या फरशीवर, मौनात. हातातून सुटलेलं लिंबू आधी निघालं आणि थेट देवाच्या पाया पडायला गेलं. पाठोपाठ ओट्यावरून पडलेलं लाटणं गेलं. योगेंद्ररावांच्या ताटातलं वरण एका कडेला जमा झालं आणि काठ ओलांडण्याच्या बेतात आलं.

"भाऊ," वाल्मिक चाचरत म्हणाला, "लेव्हल कशी वाटस?"

योगेंद्ररावांनी तोंड उघडलं. समोर शैलजाताई मान खाली घालून शांतपणे भाताचा बांध घालत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

योगेंद्ररावांनी तोंड मिटलं. ताटातला भात कडेला लोटून नीट बांध घातला, ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने देव्हारा दाखवला. मौन!

कार्तिकी एकादशीला शैलजाताईंचा नेम सुटला. जुनी फरशी निघाली, तिच्या जागी नवी टाइल अगदी तंतोतंत बसली, त्याच उताराने. घरी येणारे पाहुणे मौनाने जेवणाऱ्या योगेंद्ररावांच्या भक्तीचं फार कौतुक करतात.

त्यांचा नेम अजून चालू आहे.