पेडणेकरकाकांचा लग्नाचा अंक

मुलीच्या पाठवणीला ‘वन्समोर’ देणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. वाशीला आमच्या सोसायटीत, अगदी माझ्या समोरच्या दारात राहायचा. पेडणेकरकाका. एका लग्नात नवरी आईच्या गळ्यात पडून अशी काही रडली, की काका भान हरपून उठले, टाळ्या वाजवल्या आणि भर मांडवात खणखणीत ‘वन्समोर’ दिला. नवरीच्या मामानं त्यांची कॉलर धरली आणि विचारलं, तुम्ही कोणाकडचे? काका कोणाकडचेच नव्हते. आमंत्रणच नव्हतं त्यांना.

ही गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशीची. वाशीत तेव्हा बिल्डिंगी कमी आणि मोकळे प्लॉट जास्त, त्यामुळे मांडव पडला की लांबून दिसायचा. काका ऑफिसातून परत येताना सनई ऐकली की पिशवीसकट आत शिरायचे. हौशी नाटकं बसवायचं वेड होतं त्यांना. म्हणायचे, “लग्नासारखं नाटक नाही गं. तालीम नाही, आणि मांडवातल्या प्रत्येकाला वाटतं मुख्य भूमिका आपलीच.” जेवायचे मात्र नाहीत. फुकट बघितलं ते बघितलं, वर श्रीखंड-पुरी हाणायची म्हणजे हद्द झाली, असं त्यांचं तत्त्व. निघताना अहेराचं पाकीट देऊन जायचे आणि त्यावर लिहायचे, ‘एक प्रेक्षक’. हा प्रेक्षक कोण, यावरून किती घरांत वाद झाले असतील देव जाणे.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. बेलापूरला सरकारी कचेरीत टायपिस्ट. माझ्या स्वतःच्या लग्नाचा पत्ता नव्हता आणि काकांच्या प्रत्येक नाटकात मी विहीण. का, तर माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो! रोलचा अभ्यास म्हणून एकदा मलाही ओढून नेलं त्यांनी कुणाच्या तरी लग्नात. मी लाजेनं अर्धी झाले होते. समोर एक वरमाई मानाच्या साडीचा काठ चिमटीत धरून “छान आहे हो” म्हणत होती. काका माझ्या कानाशी पुटपुटले, “तोंडाकडे बघू नको. बोटं बघ. बोटं शिव्या देतायत.” खोटं कशाला बोलू, अभिनयातलं मला जे काही येतं ते त्या दिवशी आलं.

काकांची बायको, सुलूकाकू, रोज तालमीला यायच्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मांडीवर वही ठेवायच्या आणि कुणाचं वाक्य अडलं की हळूच सांगायच्या. सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ. स्वतःचं म्हणून एखादं वाक्य त्या मोठ्यानं बोलल्याचं मात्र मला आठवत नव्हतं.

त्या वर्षी नाट्यस्पर्धेसाठी काकांनी स्वतःच नाटक लिहिलं. तिसऱ्या अंकात खाडीकाठच्या गावातलं आगरी लग्न होतं. आता आगरी लग्न म्हटलं की धवलारीण आलीच, म्हणजे धवले गात गात लग्नाचे विधी लावणारी बाई. काकांनी हट्टच धरला की खरीखुरी धवलारीण आणणार. पेटीवर भागवू या, असं मी म्हटलं, तर चार दिवस माझ्याशी अबोला. रिटायर होऊन ते कोकणात जाणार होते, ही त्यांची शेवटची स्पर्धा. धवल्यांशिवाय अंक पडणार, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वाशीगावात खेपा घालघालून शेवटी त्यांनी हिराबयला तालमीला आणलं. प्रयोग चार दिवसांवर आला होता आणि काकांचे पाय जमिनीवर नव्हते.

हिराबय सत्तरीची, ताठ कण्याची. आमचा नवरदेव शेखर आणि नवरी वर्षा मुंडावळ्या बांधून तयारच होते. प्रयोगात तिच्यामागे आम्हालाही म्हणता यावेत, म्हणून धवले टेप करायला शेखरनं घरून टेपरेकॉर्डर आणून चालू ठेवला होता. हिराबयनं वर्षाची हनुवटी धरून विचारलं, कोणाची पोर, नवरा काय करतो. वर्षा हसत म्हणाली, आजी, हे नाटक आहे, माझं लग्न नाही ठरलेलं.

हिराबयनं पदर खोचला आणि निघाली की हो! काका धावत आडवे गेले, हात जोडले, साडी देतो म्हणाले. ती काही केल्या ऐकेना.

“मी धवलं म्हनलं का देव येतान मांडवान,” ती म्हणाली. “आलेल्या देवांना काय सांगू, पोरं खेलतान म्हनून?”

काका मटकन बसले. त्यांचा तो चेहरा बघून म्हातारीलाही वाईट वाटलं असावं. दारातून वळून तिनं आमच्या सगळ्यांवर नजर फिरवली आणि विचारलं, “इथं कोनाचा लगीन रायलाय का?”

आता राहिलेलं लग्न म्हणजे माझंच! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

“माझं राहिलंय.”

सुलूकाकू. वही मिटून उभ्या होत्या.

मग त्यांनी सांगितलं, अगदी शांतपणे. सव्वीस वर्षांपूर्वी दोघांनी रजिस्टर लग्न केलं होतं. सकाळी सह्या झाल्या, कारण संध्याकाळी काकांचा प्रयोग होता. ना हळद, ना अक्षता. “संध्याकाळी मी पहिल्या रांगेत बसले होते,” काकू म्हणाल्या. “नाटकात यांचं लग्न लागलं. मंगळाष्टकांसकट. दुसरीशी.”

हसावं की रडावं कळेना. हिराबयनं मात्र वेळ घालवला नाही. वर्षाच्या मुंडावळ्या काढून काकूंना बांधल्या, शेखरच्या काकांना. मी आणि शेखरनं अंतरपाट धरला. नवरा छप्पन्न वर्षांचा, नवरी एक्कावन्न! आणि हिराबय गायला लागली. काय सांगू तुम्हाला, त्या ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये अंगावर काटा आला. गणपती, खाडीकाठचे देव, कुळातले गेलेले, सगळ्यांना नावं घेऊन बोलावत होती ती. अक्षता नव्हत्या, तालमीला आम्ही चुरमुरे वापरायचो, तेच उधळले. अंतरपाट खाली आला तर काका हमसून रडत होते आणि काकू त्यांच्या केसांतले चुरमुरे काढत होत्या. मीही रडले. वर्षा तर नाचतच होती.

हिराबय गेल्यावर शेखर एकदम ओरडला. टेप चालूच राहिला होता! सगळं गाणं आलं होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आम्ही आनंदानं वेडे झालो. खरे धवले मिळाले, आता नंबर कुठे जात नाही!

रविवारी प्रयोगात तिसरा अंक पेटीवर झाला. सपशेल पडला. विंगेत मी काकांवर चिडलेच, कॅसेट हातात असून वाजवली का नाहीत? काकांनी ती खिशातून काढली आणि शेजारी वही घेऊन बसलेल्या काकूंच्या पर्समध्ये घातली.

“अगं, नाटकात कशी वाजवायची?” ते म्हणाले. “आमच्या लग्नाची आहे ती.”