सेन्सरला लावलेली तीट

आमचे अप्पा कारखान्यात शिरले की आधी यंत्रांची खुशाली विचारतात, माणसांचा नंबर मग. "काय, बरं हाय न्हवं?" असं एखाद्या पंपाला विचारतात आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून पुढे जातात. लातूरकडच्या या साखर कारखान्यात ते, म्हणजे सगळ्यांचेच अप्पा, शिफ्टचे प्रमुख आणि मी प्रयोगशाळेत केमिस्ट, त्यामुळे हे कौतुक मला रोज बघावं लागतं. कपाळावर भस्माचे पट्टे, खिशात बडीशेप. कुणी यंत्राला लाथ घातली की, "अरे, त्याला बी जीव हाय!"

यंदा साखरेच्या पट्ट्यावर नवा सेन्सर बसला. काचेच्या छोट्या खिडकीतून तो डोळ्यांना न दिसणारा उजेड साखरेवर टाकतो आणि ओल किती, रंग कसा, हे तिथल्या तिथे पडद्यावर दाखवतो. अप्पा त्याला 'लेकरू' म्हणू लागले. रोज स्वतःच्या रुमालाने त्याची काच पुसायचे. बघायला संचालक आले, शेजारच्या कारखान्याचे लोक आले, जो तो वा वा करी आणि अप्पा कासावीस होत. "लई डोळे पडून राहिलेत त्याच्यावर," असं मला म्हणाले. मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पडदा सांगू लागला, साखर काळपट आहे, ओली आहे. ऑपरेटरने नियमाप्रमाणे सगळा माल पुन्हा वितळवायला वळवला. मी नमुना तपासला तर साखर पांढरीशुभ्र! तोवर बरीच चांगली साखर पाण्यात गेली होती. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने सेन्सर उतरवून बघितला. काचेच्या मधोमध काजळाचा टपोरा ठिपका.

"मी लावली तीट," अप्पा पुढे होऊन म्हणाले. "लेकराचं तोंड म्हणून ती काचच तेवढी दिसतीय, म्हणून तिथं लावली."

सगळे खदाखदा हसले. त्या पाहुण्यासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पा मान खाली घालून घरी गेले ते कामावर येईचनात. मग नोकरी सोडतो, असा निरोप आला.

मी कॉलनीत त्यांच्या घरी गेले. साहेबांनी मनावर घेतलेलं नाही, उद्या या, असं परोपरीनं समजावलं. पण अप्पा वर बघेनात. चांगली साखर माझ्यामुळं गेली, आता कोणत्या तोंडानं येऊ, हेच पालुपद. शेवटी मी वैतागले. घरात लहान मूल नाही, मग हे काजळ आणलंत तरी कुठून, असं विचारलं.

ते अप्पांच्या बायकोने, काकूंनी, सांगितलं. हैदराबादच्या नातवासाठी त्यांनी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरलं होतं. अप्पा डबी घेऊन एवढ्या लांब गेले. डॉक्टर नको म्हणतात, असं सांगून सुनेने ती तशीच परत दिली. मुलगा शेजारी बसून मोबाइल चाळत राहिला.

"तिचं बी बरोबर हाय, माय," अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले. "पण हितं मला कुणी नको म्हणलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी अप्पा कामावर आले. सेन्सरजवळून जाताना त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. काजळाबद्दल मी त्यांना वैतागून विचारलं होतं, त्या लाजेनं मला वर बघवेना.