दगडूभाऊचा रुसवा

आमचा चुलत भाऊ दगडू रुसल्याशिवाय कधी पंगतीला बसला न्हाई. चैत्रात जत्रेला आमची सगळी भावकी आमच्या गावी, भाज्याला जमते. गिरणीत कामाला असलेली मुंबईहून येतात, लेकी-जावई येतात, घरात पाय ठेवायला जागा उरत न्हाई. बकरं शिजतं, पत्रावळी मांडतात आणि नेमका तेव्हाच दगडू घोंगडी घेऊन अंगणातल्या आंब्याखाली पाठ फिरवून बसतो.

"जेवा तुमी. मी आपला पानी पिऊन जाईन."

कारण कसलंही चालतं. एकदा जावयानं आधी बैलाच्या पाठीवर हात फिरवला, मग ह्याला रामराम केला. "बैल थोरला का मी थोरला?" एका साली नारळ फोडायला बोलावलं न्हाई म्हणून रुसला. पुढच्या साली बोलावलं, तर नासका नारळ मुद्दाम दिला म्हणून.

मग आधी पोरं, मग सुना, मग जावई, सगळी त्याची समजूत काढणार, तोवर पंगत थांबणार. मी कधी गेलो न्हाई. दोन वर्सांनी थोरला मी. मी का जाऊ?

यंदा गिरणीतला पुतण्या म्हणाला, "आबा, ह्यांचं दर सालचंच हाय. आमाला दोनची गाडी गाठायचीय. बसू द्या त्यांना."

सगळी जेवायला बसली. दगडूनं दोनदा मान वळवून बघितलं. कुणी उठलं न्हाई.

"मामंजी, रस्सा निवतोय," सून म्हणाली. पण माझा हात पानाकडं जाईना. बायको गेल्यापासून दगडू स्वतःच भाकर थापतो. वर्सभर त्याला जेवायला हाक मारणारं कुणी न्हाई. आज उपाशी गेला असता तर परत ह्या अंगणात आला नसता. माझ्याच रक्ताचा हाय, मी ओळखतो.

पंगत उठली तसा मी बाहेर गेलो.

"दगडू, ऊठ. जेवायला चल."

"समदी थांबल्यात?"

"व्हय."

आत आला तर पोरं चुळा भरत होती, बायका खरकटं काढत होत्या. त्यानं सगळं बघितलं.  मग माझ्या वाढून तशाच राहिलेल्या पानाशेजारी बसला.

दात शाबूत असून एकेक घास घोळवत राहिला. पाव्हणे रामराम करून मळवली ठेसनाच्या वाटेला लागले, घर रिकामं झालं. दगडूनं आणखी रस्सा मागितला. माझं कधीच झालं होतं. हात वाळून गेला, तरी मी पानावरून उठलो न्हाई.