देवाच्या नावावर टाकलेला रुमाल

इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे काय, हे आमच्या गावात माझ्याइतकं कुणालाच कळलेलं नाही! हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. कळलं होतं म्हणून तर पुढचं सगळं रामायण घडलं.

गोष्ट २००५ सालची. देव रवळनाथाच्या देवळातला सप्ताह तोंडावर आला होता. मुंबईकर मंडळींची मागणी होती की देवाची वेबसाइट हवी, आणि सप्ताहाच्या पहिल्या दिवशी बुवांनी भर कीर्तनात तिचा पत्ता सांगावा. मी तीस वर्षं बुवांच्या मागे उभा राहून झांजा वाजवतो. कीर्तन म्हटलं की मला तहानभूक लागत नाही. त्यामुळे हे काम माझ्याशिवाय जाणार कुणाकडे?

देवळातल्या सभेत मी पूर्वरंगच लावला. "मंडळी, काशीरामकाका गाऱ्हाणं घालतात तेव्हा आधी घर सांगतात, मग वाडी, मग गाव. कंप्युटरचा पत्ताही तसाच! शेवटचं डॉट कॉम म्हणजे तालुका. त्याच्या आधीचं नाव म्हणजे गाव, त्याला डोमेन म्हणतात. आणि त्याच्याही आधी लावायचं ते घर, म्हणजे होस्ट. एकदा गाव आपलं झालं की घरं आपण हवी तेवढी बांधायची. कीर्तन डॉट रवळनाथ, जत्रा डॉट रवळनाथ! कुणाच्या बापाला विचारायला नको!"

"पण आमच्या देवाचा नाव आमीच कित्याक विकत घेवचा?" काशीरामकाका म्हणाले. ते आमच्या गावचे मानकरी. "तो आमचोच आसा मा?"

"काका, रवळनाथ गावोगाव आहेत. पण डॉट कॉममध्ये एका नावाचं एकच गाव! जो आधी जाईल त्याचं!"

सभा हादरली. बाबली मात्र कुत्सित हसला. त्याचा माझ्या झांजांवर पंधरा वर्षं डोळा. "गुरुदास, नाव आनलंस तर बरा. नायतर सप्त्यात झांजा माझ्या हातात!"

"कबूल!" मी गरजलो.

दुसऱ्याच दिवशी मालवणात आमच्याच गावच्या सलोनीच्या सायबर कॅफेत गेलो. सलोनीने टकाटक बटणं दाबली. "काका, नाव मोकळा आसा. घेवया?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात जीभ चावली. देवाच्या कौलाशिवाय आमच्याकडे विहिरीची जागासुद्धा ठरत नाही, आणि मी देवाचंच नाव परस्पर घेऊ? "थांब गो! आधी कौल लावतो. तोवर एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं काहीतरी टाकून ठेव."

सलोनीने मान हलवली. माझं पूर्ण नाव, पत्ता, फोन विचारून घेतला. मला वाटलं, कॅफेची वही असेल.

कौल लावला, पण देवाने घाई केली नाही. देवाच्या अंगावर फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवल्या; उजवी पाकळी पडली तर डॉट कॉम, डावी पडली तर डॉट ऑर्ग नावाचा दुसरा तालुका, असा सवाल. पाकळ्या ओल्या, हवा दमट. दोन्ही तीन दिवस देवाच्या अंगाला चिकटून! चौथ्या दिवशी उजवी पडली. मी धावत मालवणात गेलो, तर कॅफेला कुलूप. सलोनी आंबोलीला मावशीकडे गेलेली. तसाच कुडाळला गेलो. तिथल्या मुलाने नाव टाकलं आणि म्हणाला, "काका, हे गेलं. चार दिवसांपूर्वीच कुणीतरी घेतलंय."

"कुणी?"

तो काही बोलणार तोच लाइट गेली. कुडाळची लाइट! परत यायची वाट बघायला सप्ताह थांबणार होता का?

मी सलोनीच्या घरी निरोप ठेवला, की देवाचं नाव कुणी घेतलंय ते कागदावर छापून रविवारी देवळात घेऊन ये. आणि गावात येऊन बोंब ठोकली. चोरी! चोरी!

रविवारी देऊळ गच्च भरलं. काशीरामकाकांनी पागोटं सारखं केलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ज्या कोणा मेल्यान तुझा नाव चोरल्यान, तेच्या सोलकढीक चव येव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेची शेजारीण कोंबड्यांवरना तेच्याशी रोज भांडो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यांना पुढचं सुचेना, तेव्हा मीच कानात सांगितलं. "आणि ऐन कीर्तनात तेका उचकी लागो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज माझा. समई थरथरली.

तेवढ्यात सलोनी आली, हातात कागद घेऊन.

"वाच गो, वाच!" बाबली ओरडला. "चोराचो गाव आधी सांग!"

सलोनी गोंधळली. "गाव... आपलोच."

"आपलोच? वाडी?"

"देऊळवाडी."

माझं घर देऊळवाडीत. मी हळूच खांबाआड सरकलो.

"नाव?"

"गुरुदासकाका! तेंनीच सांगितल्यानी रुमाल टाक म्हणून. असो रुमाल नसताच, म्हणून मी तेंच्या नावावर सरळ घेवनच टाकलंय. काका, चुकला काय?"

देवळात मग जो हशा उसळला!

नाव गावाकडे आलं, झांजा माझ्याकडे राहिल्या, सगळं ठीक. फक्त ते उचकीचं गाऱ्हाणं बाकी. "काका, ते तेवढं मागे घ्या," मी काशीरामकाकांचे पाय धरले.

"देवाक सांगितलेला परत घेवचा तर कौल होयो," ते गंभीरपणे म्हणाले. कौल लावला. पाकळी अजून चिकटलेलीच आहे.

सप्ताहाचा पहिला दिवस. बुवांनी निरूपणात देवाचा पत्ता अगदी सुरात म्हटला, टाळ्यांचा कडकडाट झाला. मी डोळे मिटून झांजा उंच धरल्या, आणि...

"उचक्!"

अख्खं देऊळ एका सुरात म्हणालं, "व्हय म्हाराजा!"