दामूअण्णांचा कोपरा

अमेरिकेत कोणत्या पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी कोणाला उभं करावं, याची काळजी आख्ख्या सातपूर कॉलनीत एकच माणूस करतो, आणि तो नेमका माझा शेजारी आहे. सकाळी मी गॅलरीत दात घासत असतो. तोंडात फेस. तेवढ्यात पलीकडच्या गॅलरीतून हाक येते, "सुरेशराव, आपला मवाळ मागे पडला हो!"

हे दामोदर गायखे, आमचे दामूअण्णा. मी ज्या कारखान्यात स्टोअरला होतो, तिथेच ते फिटर होते. आता दोघेही निवृत्त. वहिनी गेल्यापासून अण्णा एकटेच असतात. अमेरिकेत त्यांचं नात्यागोत्याचं कुणी नाही, आणि स्वतः शिर्डीच्या पुढे फारसे गेलेले नाहीत. पण मोबाईलवर तिथल्या उमेदवारांचे वादविवाद डोळे लावून बघतात. इंग्रजी अर्धंमुर्धं कळतं, नावं तर उच्चारताच येत नाहीत. म्हणून त्यांनी सरळ दोन गट पाडलेत. जो हातवारे करून ओरडतो तो जहाल, आणि जो पाण्याचा घोट घेत समोरच्याचं ऐकून घेतो तो मवाळ. पक्ष कुठलाही असो, अण्णा मवाळाच्या बाजूला.

"उमेदवार निवडायला जिथून सुरुवात होते ते आयोवा राज्य म्हणजे त्यांचं चांदवड समजा," ते मला समजावतात. "आपल्याकडे कांदा, त्यांच्याकडे मका. आणि त्यानंतरचं ते न्यू हॅम्पशायर म्हणजे आपला पेठ तालुका. डोंगराळ मुलूख, माणसं थोडकी, पण एकदा बोलली की सगळ्यांना ऐकावं लागतं." मी म्हणतो, अण्णा, तुम्हाला काय करायचंय? तर खुर्ची पुढे ओढून त्यांचा ठरलेला प्रश्न, "पण मला एक सांगा, मवाळाला उमेदवारी मिळते का हो? निवडणुकीत तो सगळ्या देशाला चालेल. पण आधी पक्षाने उभं तर करायला पाहिजे! पक्षाच्या बैठकीला येतात सगळी तापलेली डोकी. त्यांना पाहिजे दणका देणारा. मवाळ बिचारा दारातच अडकतो."

आता हा माणूस स्वतः किती मवाळ, ते ऐका. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या वहिनींच्या साड्यांचं पाणी खालच्या वहिनींच्या पापडांवर गळलं. झालं, जुंपली. दोघी निवाड्याला अण्णांकडे. अण्णांनी दोघींचं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण त्यांचंही बरोबर आहे." दोघींनी मिळून अण्णांनाच झाडलं! मी असतो तर दार आपटून आत गेलो असतो. अण्णांनी दुसऱ्या दिवशी पत्रा कापला, वाकवला आणि वरच्या दोरीखाली छान पन्हळ ठोकून दिली. पाणी आता कडेच्या तुळशीत जातं, आणि दोघी एकत्र पापड लाटतात. अण्णांचे आभार मात्र कुणी मानले नाहीत, आणि अण्णांना त्याचं काही वाटलंही नाही.

तर आमच्या निवृत्त कामगार संघाची निवडणूक आली. संघात दोन पॅनल. आमच्या पॅनलने अध्यक्षपदासाठी कोणाला उभं करायचं, यावर दोन नावं पुढे आली. एक रंगनाथ पिंगळे. जुना युनियनवाला, मी लागायच्या आधीचा मोठा संप त्यानेच केलेला. अजूनही चहा मागतो तो घोषणा दिल्यासारखा. दुसरं नाव दामूअण्णा, आणि ते सुचवणारा मी.

अण्णा आधी नाही नाही म्हणाले. मग हळूच म्हणाले, "खरं सांगू सुरेशराव? आयुष्यभर मी दुसऱ्यांची नावं सुचवली. एकदा तरी सगळ्यांनी मला निवडावं, असं फार वाटतं." दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला. तेव्हा मला कळलं की या माणसाला हे किती हवंय.

मी प्रचारप्रमुख झालो. पण मवाळाचा प्रचार करणं म्हणजे काय ताप असतो, देवा! आम्ही घरोघर जायचो. मी अण्णांचे गुण सांगायचो, लोक माना डोलवायचे, आणि तेवढ्यात अण्णाच म्हणायचे, "रंगनाथही चांगला आहे हं. आवाज तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगला." मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबायचो. ते विचारायचे, "काय झालं?"

वर त्यांनी निवडीची पद्धतही आयोवातून आणली. तिथे म्हणे एका पक्षाचे लोक हॉलमध्ये जमून आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहायचे. "चिठ्ठीत माणूस लपतो," अण्णा म्हणाले. "इथे कसं, चालत यावं लागतं. मग थोडा वेळ द्यायचा. कुणाला मन बदलायचं असेल त्याने दुसऱ्या कोपऱ्यात जायचं. घंटा वाजली की मोजणी."

"आवो अण्णा, ही अमेरिका नाय, सातपूर हाय!" रंगनाथ गडगडाटी हसला. पण कबूल झाला. आपला कोपरा भरणार याची त्याला खात्रीच होती.

रविवारी सकाळी मारुती मंदिरामागच्या हॉलमध्ये सगळे जमले. रंगनाथ खिडकीच्या कोपऱ्यात छाती काढून उभा राहिला, अण्णा नव्या शर्टात दाराच्या कोपऱ्यात. सुरुवात करा म्हटल्यावर लोक उठले, आणि काय सांगू, एकेक करत सगळे आमच्याकडे यायला लागले! कुणाच्या पेन्शनसाठी अण्णांनी हेलपाटे घातलेले, कुणाच्या घरचा पंप दुरुस्त केलेला, कुणाचं रडगाणं नुसतं ऐकून घेतलेलं. रंगनाथच्या मागे-पुढे करणारेसुद्धा मान खाली घालून आमच्या कोपऱ्यात आले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

रंगनाथ तिकडे एकटा. आधी हसला. "आरं या की कुणीतरी!" म्हणाला. कुणी हललं नाही. मग त्याने हात खिशात घातले, बाहेर काढले, मागे बांधले, आणि वर पंख्याकडे बघत राहिला.

"कुणाला मन बदलायचंय का?" सभेच्या अध्यक्षांनी विचारलं.

माझं लक्ष अण्णांकडे गेलं. ते रंगनाथकडेच बघत होते. मी त्यांची बाही धरली. "अण्णा, जागचं हलायचं नाही. सांगून ठेवतो." त्यांनी हळूच बाही सोडवून घेतली, सगळा हॉल ओलांडून गेले आणि रंगनाथच्या शेजारी उभे राहिले. "काय रंगनाथ, गुडघा काय म्हणतो?"

आणि मग आमच्या लोकांची निष्ठा बघा! एक म्हणाला, "अण्णा तिकडे गेले, मग आपण इथे काय करतोय?" तो निघाला. त्याच्यामागे दुसरा. मग सगळाच लोंढा. मी घसा फोडून ओरडतोय, "अरे थांबा, तो कोपरा रंगनाथचा आहे!" ऐकतो कोण? घंटा वाजली तेव्हा अण्णांच्या कोपऱ्यात मी एकटा होतो. अण्णासुद्धा नव्हते.

पुन्हा घेऊ म्हणून मी भांडलो. अण्णांनीच गप्प केलं. "पद्धत मीच सांगितली होती. आता नियम म्हणजे नियम." रंगनाथ उमेदवार झाला. त्याने अण्णांचा हात धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज फुटला नाही.

घरी येताना मी नुसता धुमसत होतो. "मिळाली होती अण्णा! हातात आली होती!"

"हो ना," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा फुललेला. "बघितलंत ना? सगळे आले होते माझ्याकडे."

"मग मरायला तिकडे गेलात कशाला?"

"त्याला सवय नाही हो. एकटं उभं राहायची."

"आणि तुम्हाला आहे?"

त्यांनी चाल जरा हळू केली. मग म्हणाले, "संपाच्या वेळी मी म्हटलं होतं, मालकाचंही थोडं बरोबर आहे. संप मिटला, पण रंगनाथने सगळ्यांना सांगितलं, कँटीनमध्ये दामूबरोबर कुणी बसायचं नाही. वर्षभर कुणी बसलं नाही. आमची ही डबा भरून मेथीची भाजी द्यायची, सगळ्यांना वाटा म्हणायची. परत नेली असती तर तिला कळलं असतं. म्हणून सगळी मीच खायचो." ते हसले. "त्या वर्षी पँटी सैल करून घ्याव्या लागल्या मला."

"वहिनींना सांगितलं नाहीत?"

"कशाला? संध्याकाळी ती विचारायची, आवडली का लोकांना? मी रोज काहीतरी सांगायचो. रंगनाथने तर मागून मागून घेतली म्हणायचो." अण्णा चालता चालता थांबले. "शेवटी आजारपणातसुद्धा म्हणायची, रंगनाथ भाऊजींना एकदा जेवायला बोलवा, त्यांना माझी मेथी फार आवडते. ते राहूनच गेलं बघा."