खंडेनवमीचा हल्ला

सकाळी दहा वाजून सेहेचाळीस मिनिटांनी सहदेव तळवडेकरांच्या स्क्रीनवर पहिली लाल पट्टी उमटली आणि हातातला चहा हातातच राहिला.

भांडुपच्या वीज नियंत्रण केंद्रात सायबर सुरक्षेचा कारभार त्यांच्याकडे येऊन सहा महिने झाले होते. त्याआधी अठरा वर्षं ते मीटरच्या गोदामात होते. नेमणूक तात्पुरती होती. आज अकराला बाहेरच्या तपासनीस, कोणी रेवती सोहोनी, येणार होत्या. त्यांचा अहवाल चांगला आला तर ही खुर्ची कायम, नाहीतर पुन्हा गोदाम.

पूर्वी विजेच्या केंद्राला एक कुलूप आणि एक वॉचमन पुरायचा. आता मुलुंडपासून भांडुपपर्यंतचे मीटर आणि सबस्टेशनची बटणं एकाच जाळ्यात गुंफलेली, त्यामुळे कुठल्या देशातून कोण हात घालील याचा नेम नाही. सहदेवांना तर घरचा मिक्सर अडखळला तरी संशय यायचा. म्हणून त्यांनी नियम केले होते. जागेवरून उठायचं तर मशीन लॉक करायचं. पाच वेळा पासवर्ड चुकला की मशीन बंद. आणि दहा मिनिटांत अशी तीन मशीन बंद पडली, तर केंद्र आपणहून सगळ्या सबस्टेशनशी संबंध तोडणार. हे नियम छापून त्यांनी केबिनच्या काचेवर चिकटवले होते, आणि ते इतके होते की काचेपलीकडचं काही दिसत नसे.

"सर, एक नंबरच्या मशीनवर कोणीतरी पासवर्ड मारतंय," केबिनमध्येच बसणारी त्यांची सहायक दिशा म्हणाली. "पाच वेळा चुकला. मशीन बंद झालं."

"बाहेरून?"

"नाही ना. समोरच्या कीबोर्डवरूनच."

सहदेवांनी खुर्ची पुढे ओढली. "पासवर्ड काय टाकला?"

"काहीच नाही. रिकामाच. नुसतं एंटर, एंटर, एंटर."

"चाचपून बघतोय. पक्का माणूस आहे."

बाहेर घंटा वाजत होती. आज खंडेनवमी. भाऊ घाडी म्हणजे केंद्रातले सगळ्यात जुने ऑपरेटर. सव्वीस वर्षं ते या दिवशी स्विचच्या दांड्यांची पूजा करत आले होते. दांड्या गेल्या, कॉम्प्युटर आले, पूजा राहिली. सहदेवांनी दोन अटींवर परवानगी दिली होती. मशीनला हळदकुंकू लावायचं नाही, आणि पूजेला उठताना प्रत्येकाने मशीन लॉक करायचं. दुसरी अट भाऊंनी लगेच मान्य केली होती.

दहा एकोणपन्नासला दोन नंबरचं मशीन बंद पडलं.

"बरोबर तीन मिनिटं," सहदेव कपाळ पुसत म्हणाले. "शिस्तीचा आहे मेला. रांगेने येतोय."

"सर, भाऊंना पूजा थांबवायला सांगू का?"

"अजिबात नको. आपल्यातलाच कोणी असला तर सावध होईल. तो मिथुन बघ, हल्ली किती नम्र बोलतो."

"तो पहिल्यापासूनच तसा बोलतो, सर."

"तेच तर."

सहदेवांना फार वाटलं, की दार उघडून बाहेर बघावं. पण त्यांचाच अकरावा नियम होता, की हल्ला चालू असताना अधिकाऱ्याने जागा सोडू नये. ते खुर्चीला घट्ट धरून बसले.

दहा बावन्नला तिसरं मशीन गेलं. भोंगा वाजला आणि भिंतीवरचा नकाशा राखाडी पडला. लगेच फोन सुरू झाले. "साहेब, तुमचा कंट्रोल दिसत नाही इकडे. काय वाट लागली काय?" घरोघरचे दिवे चालू होते, पण आता कुठे काही बिघडलं तर इथून एक बटणही दाबता येणार नव्हतं. सहदेवांनी प्रत्येक सबस्टेशनला माणूस बसवायला सांगितलं. एकही सबस्टेशन सुटलं नाही. शेवटचा फोन ठेवून ते हळूच म्हणाले, "गोदामातली माझी खुर्ची अजून तिथेच असेल का गं?"

मग ते बाहेर आले आणि जागीच थांबले.

पहिल्या तिन्ही कीबोर्डवर हळदकुंकू होतं, झेंडू होता, आणि उजव्या बाजूला, नेमका एंटरच्या बटणावर, एकेक नारळ शांतपणे बसला होता. चौथा नारळ घेऊन भाऊ चौथ्या मशीनपाशी उभे होते, आणि त्या मशीनसमोर जरीकाठाची साडी नेसलेली एक अनोळखी बाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन बसली होती.

"भाऊ, ते नारळ आधी उचला," सहदेव कसेबसे म्हणाले.

"आरतीआधी पूजेचा नारळ हलवतात काय रे?"

बाई उठल्या. "मी रेवती सोहोनी. मुद्दाम लवकर आले. पेढे दाखवले, तर पास न विचारता यांनी आत घेतलं."

"सणाच्या दिवशी बाईमाणसाला दारात उभं ठेवू?" भाऊ म्हणाले.

सहदेवांनी डोळे मिटले. डोळ्यांपुढे गोदाम आलं, तिथल्या धुळीसकट.

"हे अहवालात जाईलच," रेवतीबाई म्हणाल्या. "पण पुढचं ऐका. दहा बावन्नला मी खोटा हल्ला म्हणून या मशीनला माझा चाचणीचा पेनड्राइव्ह लावला, आणि श्वास घ्यायच्या आत अख्खं केंद्र तुटलं. वर सबस्टेशनवर माणसंही बसली. आठ केंद्रं तपासली मी, असं कुठेच झालं नाही. ओळखलंत कसं?"

"मॅडम, खरं सांगायचं तर..." सहदेवांनी तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊंनी त्यात अख्खा पेढा घातला.

"कमी बोलणारा माणूस आहे," भाऊ म्हणाले.

"तुम्हाला कायम करावं असं मी लिहिणार आहे," रेवतीबाई पर्स उचलत म्हणाल्या. "सोमवारी मोठे साहेब येतील. त्यांच्यासमोर हे एकदा करून दाखवा. जसंच्या तसं."

त्या गेल्या. सहदेवांचा पेढा घशाखाली उतरेना. खरं सांगावं तर गोदाम, न सांगावं तर सोमवार. भाऊंनी चौथा नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला.

"सहदेवा, सोमवारी नारळ तीनच लागतील ना?"

सहदेवांनी काचेवरच्या नियमांकडे पाहिलं, मग एंटरवरच्या नारळांकडे.

"चार आणून ठेवा," ते म्हणाले. "एखादा घरंगळला तर?"