खारकोंडच्या खवणीची मोहीम व सोमवारचा तह

श्रीपांडुरंगाचे पायीं मस्तक ठेवून, रखुमाईची समजूत काढून आणि टाळकऱ्यांची पायधूळ कपाळीं लावून, खारकोंडच्या मोहिमेची साद्यंत हकीकत लिहिली जाते. वाचणारानें हात धुऊन बसावें, कारण या युद्धाचा शेवट पंगतींत आहे.

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, माघमास. न्हावा शेव्याच्या बंदराचे दक्षिणेस, खाडीच्या बांधाला लागून मौजे खारकोंड. पूर्वीं येथें मिठाच्या राशी दिसत, आतां कंटेनरांच्या दिसतात; पण विठोबाचें देऊळ जागचें हाललें नाहीं आणि माघांतला सप्ताहही हालला नाहीं. त्या सप्ताहाचा कदीम शिरस्ता ऐसा कीं, वीणा सात दिवस जमिनीस टेकूं द्यावयाची नाहीं. एकाचे गळ्यांतून दुसऱ्याचे गळ्यांत ऐसी ती फिरते. मात्र अखेरचे दिवशीं काल्याचे कीर्तनास जो वीणेकरी उभा राहील, त्यानेंच नैवेद्य दाखविल्यावर ती खालीं ठेवावी. मध्यें कोणास देणें नाहीं, बसणें नाहीं, खांबास टेकणें नाहीं.

यंदा तो मान राजमान्य राजश्री धर्माजी पाटील यांस आला. धर्माजींची उमर मिठागराचे पाण्यांत उभें राहून गेलेली, सबब दोन्ही गुडघे बंडास उठलेले. आणि त्यांचें कुटुंब अखंडसौभाग्यवती समशेरजंग जनीबाई, मुदपाकखान्याच्या सरखेल, नैवेद्याचा सारा बंदोबस्त त्यांचे शिरीं. म्हणजे नैवेद्यास जितका उशीर, तितका धर्माजींच्या गुडघ्यांस जाच; ही गोष्ट वाचणारानें शेवटपर्यंत ध्यानीं ठेवावी.

नैवेद्यास वालाचें बिरडें आणि नारळाच्या रसांतली खीर, आणि मग सगळ्या गांवास तेंच जेवण. त्यासाठीं सोललेल्या नारळांची रास देवळामागें पडली होती, ती बुरुजाएवढी दिसे. आणि तो बुरूज फोडावयास हत्यार पाहिजे तें खवणी. घरोघरच्या जुन्या खवण्या कधींच भंगारवाल्याचे हवालीं जाऊन बदल्यांत प्लास्टिकच्या टोपल्या आल्या होत्या. मिक्सर पुष्कळ, पण मिक्सरांत खोबरें फिरवावें, तर आधीं तें करवंटींतून निघावें लागतें.

आतां गांवांत लोहार नव्हता ऐसें नाहीं. सदा लोहार हा कारागीर मातबर. त्यानें ठोकलेली खवणी सासू सुनेस देई आणि सून तिच्या सुनेस देई, आणि म्हणूनच एका घरीं दुसरी खवणी खपत नसे. पण त्याचे दरबारीं वस्तु मागणें म्हणजे मसलतीस बसणें. आधीं बसावें, मग चहा घ्यावा, मग लोखंडाचा भाव ऐकावा, मग त्याच्या पाठीचें दुखणें ऐकावें, आणि मग त्याचे मुखांतून एकच फर्मान निघे: सोमवारीं ये. चार वर्षांमागें जनीबाईंनीं सप्ताहासाठीं खवण्यांचें काम त्याजकडे घातलें, तेव्हांही हेंच फर्मान सुटलें. जनीबाई सोमवारीं गेल्या, तयार नव्हतें. पुढल्या सोमवारीं गेल्या, कोळसा नव्हता. त्यापुढल्या सोमवारीं गेल्या, सदा मेहुणीच्या हळदीस गेला होता. ऐसे सोमवार गिळून त्यांनीं निश्चय केला कीं, या इसमाचे दारांत पुन्हा पाय देणें नाहीं, आणि त्या वर्षापासून उरणहून डब्यांतलें सुकें खोबरें आणून नैवेद्य उरकूं लागल्या.

याउलट उरणच्या पेठेंतले केतनशेठ. यांच्या दुकानीं समुद्रापारचा माल दाटीवाटीनें टांगलेला, आणि सदाच्या एका खवणीच्या मोलांत तेथें तीन येत, हिरवी, गुलाबी, निळी, हवी ती. शेठ कोणाची कोण विचारीत नसे, पाठ दुखते म्हणत नसे, आणि सोमवार हा वारच त्यास ठाऊक नव्हता. जें मागावें तें त्याच क्षणीं पिशवींत. यंदा ओल्या नारळाचा नैवेद्य करावयाचाच, ऐसा पण करून जनीबाई तेथें गेल्या आणि त्यांनीं सवाल केला कीं, टिकेल किती. शेठ बोलिले, “काकी, बगडली तर बीजी लई जावानी. दुकान कुठं पळून चाललंय?” या एका वाक्यानें सदा लोहाराचें राज्य बुडालें. टिकाऊपणाचें वचन ऐकून माणूस विचारांत पडतो, पण दुसरी मिळेल हें ऐकून निश्चिंत होतो. तमाम रयत परदेशी मालाकडे कां वळली, याचें मर्म हेंच ऐसें जाणते लोक म्हणतात.

मग जनीबाईंनीं खवण्यांची पलटण खरीदली. खालीं रबराची वाटी, बाजूस खटका, वर दांडा. खटका दाबिला कीं वाटी ओट्यास चिकटावी आणि दांडा फिरवितां खोबरें पडावें. हा माल न्हावा शेव्यास उतरला आणि तेथून भिवंडीचे गोदामास गेला, तो खुद्द जनीबाईंचे चिरंजीव प्रणय यांच्या चाळीस फुटी ट्रेलरावरून. त्या फेरीच्या भाड्यांत घराचा हप्ता फिटला होता, त्यामुळें मातोश्रींस परदेशी मालाविषयीं आकस मुळींच नव्हता.

माघ शुद्ध द्वादशीस काल्याचें कीर्तन उभें राहिलें. कीर्तनास हरिभक्तिपरायण विनेशबुवा. वय कोवळें, पण गळा ऐसा कीं पहिल्या चालीसच बायांचे डोळे भरावे आणि पुरुषांनीं उगाच नाक शिंकरावें. बुवांनीं ओघांत स्वदेशीचा उपदेश केला कीं, आपल्या घामाचें तें देवास गोड. सभा डोलली. मग कोणीं घड्याळ उलटें करून पाहिलें, कोणीं टॉर्च, कोणीं मुलाची चप्पल, आणि सर्वत्र परमुलखाचीच मोहर निघाली. बुवांनीं सहज हातांतला माइक उलटा केला आणि पुन्हा सुलटा करून ते तांतडीनें गोकुळांत शिरले. पांडुरंगावर लुकलुकणारी दिव्यांची माळ उलटून पाहावी, ऐसें धाडस मात्र कोणीं केलें नाहीं.

इकडे देवळामागें युद्धास तोंड लागलें. खवण्या शहाबादी फरशीवर मांडिल्या, खटके दाबिले, आणि दांडा फिरवितांच नारळ जागीं राहून खवणीच फिरूं लागली. फरशी खडबडीत, वाटी धरीना. पाटावर मांडिल्या, तेथेंही शिकस्त. तेव्हां स्नुषा अमिषाबाईंनीं मोबाइलांत पाहून इतल्ला दिली, “आई, ही गुळगुळीत जागेलाच चिकटते. व्हिडिओत तसंच दाखवलंय.”

जनीबाई बोलिल्या, “गुलगुलीत जागा आनू कुठून? देवलात काय मॉल हाय?”

मग शोध करितां सगळ्या देवळांत गुळगुळीत जागा एकच निघाली, ती देणगीदारांच्या नांवांची काळी ग्रॅनाइट पाटी. आणि ती भिंतींत उभी बसविलेली. हुकूम जाहला कीं, मोर्चे तेथेंच लावावे. मग सगळ्या खवण्या भिंतीस चिकटल्या आणि बाया भिंतीकडे तोंड करून उभ्यानें नारळ खवूं लागल्या. तोंच रितेशशेठ देणगीदार धांवत आले आणि कळवळून बोलिले, “काकी, माज्या बापाच्या नावावर नको गो. बाजूला लाव.”

“बाजूला कोन हाय?”

“काकाचा नाव हाय. त्याच्यावर लाव, तो चालंल.”

ऐसा तह होऊन काम पुढें सरकलें. पण खोबरें निबर आणि पातें कथलासारखें नरम. एकीचा दांडा मोडला, दुसरीचें पातें वांकलें, आणि तिसरी भिंत सोडून जी उडाली, ती खिडकींतून सभामंडपांत जाऊन मृदंगावर बरोब्बर समेस आदळली. सभेस तो नवा बोल वाटला, आणि दोघांनीं मान हालवून दाद दिली.

विनेशबुवा मात्र उमजले कीं, मुदपाकखान्यांत फौज जेर जाहली आहे. समोर धर्माजींचे गुडघे लटपटत होते आणि कपाळीं घाम होता, पण वीणा छातीशीं घट्ट आणि मुखीं नाम चालू. नैवेद्याचें ताट आल्यावांचून काला फोडतां येईना, आणि काला फोडल्यावांचून वीणा उतरेना. तेव्हां बुवांनीं गोकुळांत वेळ काढावयास आरंभ केला. घरीं निघालेल्या गाई पुन्हा रानांत वळविल्या, पेंद्यास एकदां लंगडत आणिला, मग कांबळें विसरला म्हणून परत धाडिला आणि पुन्हा लंगडत आणिला, यमुनेवर तर ऐसा मुक्काम पाडिला कीं, पुढें बसलेली म्हातारी बायजाबाई शेजारणीस म्हणाली, “आता किस्नाला भूक लागली आसंल गो.”

जनीबाईंनीं दारांतून धन्याचे गुडघे पाहिले. मग पदर खोंचला आणि चार वर्षांचा निश्चय मोडून प्रणयास हुकूम केला कीं, सदाकडे चल. दारीं वाहन एकच, ट्रेलर. तेव्हां तो चाळीस फुटी हत्ती रिकाम्या पाठीनें गल्लींत शिरला, आणि दोन्हीकडच्या पडव्या राखत लोहाराच्या दारीं उभा राहिला.

सदा कीर्तनास आला नव्हता. भाता थंड, आणि तो उंबऱ्यांत रुसून बसलेला. गांवानें भिंतीस खवण्या चिकटविल्याची वार्ता त्यास पोंचली होती.

जनीबाई बोलिल्या, “सदा, खवण्या पायजेत. आत्ता.”

“केतनशेठकरं नाय गावल्या?”

“गावल्या नि मोरल्या. तू देतस का नाय?”

सदा उठला, आंत गेला आणि आढ्यास टांगलेलें तेलकट गोणपाट काढून त्यानें पुढें ठेविलें. गांठ सोडितां आंत खवण्या, लखलखीत, दांते नुकते पाजविल्यासारखे, मागितल्या होत्या तितक्या.

“या कवाच्या?”

“तुज्याच. चार वरसां झाली. दर दसऱ्याला तेल लावतंय.”

जनीबाई बोलिल्या, “मी सा सोमवार आले व्हते, सदा.”

“सातव्याला आली नाय.”

“निरोप धारायचा.”

“मी क्याला धारू? वस्त तुजी.”

एकीनें सोमवार मोजणें सोडिलें, त्याच सोमवारीं दुसऱ्याचें काम पुरें जाहलें. आणि मग हा तिची वाट पाहत बसला आणि ती याचें तोंड पाहीना. अखेर प्रणयानें हॉर्न दिला आणि म्हणाला, “आये, बाबा उभा हाय.” तेव्हां जनीबाईंनीं गोणपाट उचललें आणि सदास फर्माविलें कीं, गाडींत बस, तुझीं हत्यारें आहेत, तूंही लढ.

मग ट्रेलरवरून कुमक आली. बाया खवण्यांवर बसल्या, सदा स्वतः एका खवणीवर बसला, आणि नारळांचा बुरूज ढांसळत गेला आणि पांढरें खोबरें परातींत असें पडूं लागलें कीं, मिठागराचे दिवस जुन्या माणसांस आठवले. रस निघाला, खीर उकळली, बिरड्यास खोबरें पडलें, आणि नैवेद्याचें ताट मंडपांत येतांच बुवांनीं पेंद्यास यमुनापार केला आणि एका दमांत काला फोडिला. नैवेद्य जाहला. धर्माजींनीं वीणा गळ्यांतून काढून देवापुढें ठेविली, वीणेस नमस्कार केला, आणि मग सदानें एका काखेंत व जनीबाईंनीं दुसऱ्या काखेंत हात देऊन त्यांस खालीं बसविलें. पंगत सांज होईतों चालली. सदानें खीर तीनदां मागितली.

पंगतीनंतर तह जाहला. कलमें दोनच: सदानें सोमवार सांगतांना कोणता सोमवार तो सांगावा, आणि वस्तु तयार जाहली तर निरोप धाडावा, मग ती कोणाचीही असो. केतनशेठविरुद्ध कलम घालावें ऐसें कोणीं सुचविलें, तें जनीबाईंनीं फेटाळिलें, कारण बादल्या व टोपल्या अजून तेथूनच यावयाच्या होत्या आणि ट्रेलराचे हप्तेही बाकी होते. परदेशी पलटणीपैकीं एक हिरवी खवणी रितेशशेठच्या काकांच्या नांवावर ऐसी चिकटली आहे कीं, ती सदाच्या पक्कडीनेंही निघाली नाहीं. तिच्या दांड्यास आतां वीणेची खोळ टांगतात.

तहावर शाई वाळण्याआधीं जनीबाईंनीं अमिषाबाईंसाठीं एक नवी खवणी सांगितली. सदानें वर्दी दिली कीं, येत्या सोमवारीं. माघ वद्य प्रतिपदेस, म्हणजे त्याच येत्या सोमवारीं, जनीबाई उन्हें चढण्याआधीं लोहाराचे दारीं गेल्या. भाता चालू होता. खवणी उंबऱ्यावर ठेविली होती, अजून ऊन होती.

येणेंप्रमाणें खारकोंडीं फत्ते जाहली.